कच्चा लिंबू ते नऊ अंगठ्या: अमेरिकेत बास्केटबॉलपटू घडतो कसा आणि कोच होतो कसा

जूनच्या शेवटी अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा 'ड्राफ्ट' होतो, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेली गडबड उडते. न्यू जर्सीतल्या मावसभावाचा मुलगा शाळेच्या संघातून खेळतो, त्यामुळे सगळ्यांनाच त्यात रस. मागे एकदा आत्याने विचारलं, "म्हणजे आपल्या कॅम्पस प्लेसमेंटसारखंच ना? नाव पुकारलं, टोपी घातली, फोटो काढला, की नोकरी पक्की?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "मग वय झालं की हेच लोक कोच होतात का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'अर्धं हो' असं आहे. उरलेलं अर्धं समजायला एक माणूस धरून चालू: स्टीव्ह कर. आडनावाचा उच्चार अगदी आपल्या तेंडुलकर-आगरकरांच्या शेपटासारखा, त्यामुळे मराठी वाक्यात तो मधेच क्रियापद होऊन बसतो. म्हणून मी त्याला सरळ स्टीव्हच म्हणणार आहे. एनबीए जिंकणाऱ्या प्रत्येकाला एक भलीमोठी अंगठी मिळते. स्टीव्हकडे खेळाडू म्हणून ५ आणि कोच म्हणून ४ अंगठ्या आहेत. तरीही खेळाडू म्हणून तो कधीच स्टार नव्हता, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे.

कॉलेज, पण आपलं नव्हे

आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, एक जर्सी, एसटीचं भाडं आणि हजेरीत थोडी सूट. अमेरिकेत कॉलेजचं बास्केटबॉल हा स्वतंत्र धंदा आहे. कॉलेजांच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिच्या सर्वांत वरच्या गटात साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत, सामने टीव्हीवर दिसतात आणि हजारो लोक तिकीट काढून येतात. खेळाडूला स्कॉलरशिप मिळते, म्हणजे फी, राहणं, जेवण कॉलेजकडे. रोख पैसा मात्र वर्षानुवर्षं मिळत नव्हता. २०२१ पासून आपल्या नावावर नि चेहऱ्यावर जाहिराती घ्यायची मुभा आली, आणि २०२५ पासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात.

आता नियम असा आहे की ड्राफ्टसाठी वय किमान १९ हवं आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. त्यामुळे चमकणारी मुलं एक वर्ष कॉलेजात काढतात आणि जातात. कॉलेज म्हणजे त्यांच्यासाठी वेटिंग रूम. स्टीव्हच्या काळात मुलं चार-चार वर्षं थांबत.

स्टीव्ह १९८३ साली ॲरिझोना विद्यापीठात आला. त्याला हवा म्हणणारी कॉलेजं फारशी नव्हतीच: उंची ६ फूट ३ इंच, पाय हळू, उडी बेताची. ॲरिझोनाने तरी का घेतलं? कारण आदल्या हंगामात त्या संघाने २८ पैकी ४ सामने जिंकले होते आणि ल्यूट ओल्सन या नव्या कोचला मिळतील ती मुलं गोळा करायची होती. बुडत्या संघात हळू पायांच्या पोरालाही जागा मिळते.

पहिल्याच वर्षी, १८ जानेवारी १९८४ ला, त्याच्या वडिलांचा खून झाला. माल्कम कर बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कार्यालयाबाहेरच त्यांना गोळ्या घातल्या. स्टीव्हचा जन्मही बैरूतचा. तो तेव्हा १८ वर्षांचा होता आणि दोन दिवसांनी मैदानात उतरला. चार वर्षांनी विरोधी संघाच्या काही प्रेक्षकांनी हीच जखम उकरून त्याला डिवचलं. त्या दिवशी त्याने पहिल्याच अर्धात सहा थ्री-पॉइंटर मारले.

थ्री-पॉइंटर म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकतो. रिंगभोवती जमिनीवर एक मोठी कमान आखलेली असते. कमानीच्या आतून बॉल रिंगमध्ये गेला तर २ गुण, बाहेरून गेला तर ३. कॉलेज बास्केटबॉलमध्ये ही रेघ देशभर आली १९८६-८७ च्या हंगामात. आणि नशीब बघा: त्याआधीच्या उन्हाळ्यात स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत स्टीव्हचा गुडघा फाटला आणि तो अख्खा हंगाम बाहेर बसला. म्हणजे जी रेघ त्याचं आयुष्य घडवणार होती, ती आली तेव्हा हा कुबड्यांवर. पुढच्या वर्षी परतला आणि १९९ थ्री-पॉइंटरपैकी ११४ घातले. शेकडा ५७ हून जास्त! शाळेच्या ग्राउंडवर, मधे कोणी आडवं नसताना, मी कधी दहातले तीन घातले असतील तर शपथ.

मोठ्या दिवशी मात्र हात आखडला. १९८८ च्या उपांत्य सामन्यात १३ पैकी २ शॉट गेले आणि ॲरिझोना हरली.

ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे

आयपीएल बघणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. लिलावात ज्याच्या खिशात पैसा जास्त, तो खेळाडू नेतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. गल्लीत क्रिकेटच्या टीमा पाडताना दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं मागून घेतात ना, 'मला हा', 'मग मला तो', तसंच. फरक इतकाच की इथे कॅप्टन ३० आहेत आणि गेल्या वर्षी जे वाईट खेळले त्यांना आधी मागायला मिळतं. मुद्दाम हरून कोणी पहिला नंबर लाटू नये म्हणून तळाच्या १४ संघांत चिठ्ठ्या काढतात. दोन फेऱ्या, साधारण ६० नावं. खेळाडूने कुठे जायचं हे त्याच्या हातात नसतं.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पहिल्या फेरीतल्या मुलाचा करार पक्का असतो, रक्कमही ठरलेल्या तक्त्यानुसार. दुसऱ्या फेरीतल्याला तशी हमी नाही. संघाने फक्त एवढंच म्हटलेलं असतं की हा मुलगा घ्यायचा झालाच तर आम्ही घेऊ. प्रत्येक संघात नेहमीच्या १५ जागा, म्हणजे सगळ्या लीगमध्ये मिळून ४५०. त्या भरलेल्याच असतात आणि जुना उठल्याशिवाय नवा बसत नाही. लोकल सुटताना दारात लटकलेल्या माणसासारखी अवस्था.

२०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसने ५२ व्या नंबरवर मागितलं. भारतात जन्मलेला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिलाच. आपल्याकडे मथळे झाले 'एनबीएत भारतीय'. प्रत्यक्षात एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. आणि १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, फिनिक्स संघाने स्टीव्हला मागितलं तो नंबर होता ५०, दुसऱ्या फेरीतला शेवटचा. गल्लीच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ कच्चा लिंबू: आहे म्हणून घेतला, याच्यावर राज्य नाही.

बाकावरची १५ वर्षं

फिनिक्सकडून पहिल्या वर्षी तो जेमतेम २६ सामने खेळला. मग क्लीव्हलँड, ऑरलँडो, आणि १९९३ मध्ये शिकागो. एकूण १५ हंगाम, ९१० सामने. त्यातल्या किती सामन्यांत तो सुरुवातीच्या पाचात होता? ३०. बाकी ८८० वेळा तो बाकावरून उठून आला. ४८ मिनिटांच्या सामन्यात सरासरी १८ पेक्षाही कमी मिनिटं आणि ६ गुण.

पण त्याचा एक आकडा अजून कोणाला मोडता आलेला नाही. कारकिर्दीत मारलेल्या थ्री-पॉइंटरपैकी ४५.४ टक्के आत गेले. जाणकार वाचक इथे हात वर करतील: १९९४ ते १९९७ अशी तीन वर्षं एनबीएने ती रेघ रिंगच्या जवळ ओढली होती, त्याचा फायदा झालाच की. झाला. त्यातल्या एका हंगामात त्याने ५२ टक्क्यांच्या वर मजल मारली. पण त्याआधी १९८९-९० मध्ये, लांबच्याच रेघेवरून, ५० टक्क्यांहून जास्त मारून तो लीगमध्ये पहिला आला होता.

बाकावर बसणं म्हणजे काय हे मला थोडं कळतं. कॉलेजच्या संघात मी बारावा होतो. माझं मुख्य काम पाण्याच्या बाटल्या भरणं आणि टाळ्या वाजवणं. पण एक गोष्ट होते. खेळणाऱ्याला फक्त त्याच्यासमोरचा माणूस दिसतो. बाकावरच्याला दहाही जण दिसतात. लग्नात नवरा-नवरीला काही दिसत नसतं, पण कोपऱ्यात बसलेल्या काकूंना पंगतीत कोणाला जिलेबी मिळाली नाही हेही ठाऊक असतं. शिवाय बाकावरच्याला सतत एकाच प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं: आत्ता, या क्षणी उठवलं, तर मी काय करीन?

१३ जून १९९७, शिकागो. अंतिम फेरीचा सहावा सामना, ८६-८६ अशी बरोबरी, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला. शेवटचा शॉट मायकल जॉर्डन घेणार हे पोरालाही ठाऊक. टाइमआउटमध्ये जॉर्डनने स्टीव्हला बजावलं की तुला अडवणारा समोरच्या संघाचा स्टॉक्टन तुला सोडून माझ्याकडे धावेल, तयार राहा. स्टीव्ह म्हणाला, तयार आहे. झालंही तसंच. जॉर्डन उडाला, दोघे त्याच्यावर झेपावले, त्याने बॉल स्टीव्हकडे टाकला, आणि १७ फुटांवरून तो शॉट आत गेला. पाच सेकंद उरली होती. विजेतेपद शिकागोचं.

हा तोच जॉर्डन, ज्याने १९९५ मध्ये प्रॅक्टिसमध्ये चिडून स्टीव्हच्या डोळ्यावर ठोसा मारला होता. स्टीव्हने त्याला उलट उत्तर दिलं होतं, मार खाल्ला होता, आणि त्यानंतर दोघांचं जमलं.

१९९६, ९७, ९८ ही तीन विजेतेपदं शिकागोकडून. १९९९ आणि २००३ ही सॅन अँटोनियोकडून. आकड्यांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते असं की या वर्षांत तो कोणाच्या शेजारी बसला होता. शिकागोत फिल जॅक्सन, सॅन अँटोनियोत ग्रेग पोपोविच, क्लीव्हलँडमध्ये लेनी विल्कन्स. एनबीएच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या कोचांपैकी तिघांची शिकवणी त्याने केली, आणि तीही पगार घेऊन.

"मग स्टार खेळाडू वाईट कोच होतात का?"

हा आक्षेप येणारच. आणि उदाहरणंही आहेत. मॅजिक जॉन्सनसारखा जादूगार १९९४ मध्ये लॉस एंजेलिसचा कोच झाला. १६ सामन्यांत ५ जिंकला आणि नको म्हणाला. ज्याला पास आपोआप दिसतो, त्याला 'दिसत नाही' म्हणजे काय हेच कळत नाही. उपजत सुगरण असलेल्या आजीला मिठाचं प्रमाण विचारा. 'अंदाजाने' एवढंच उत्तर मिळतं.

पण याचा नियम करू नका. लॅरी बर्ड महान खेळाडू होता आणि कोच म्हणून पहिल्याच हंगामात, १९९८ मध्ये, वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरला. बिल रसेलने १९६८ आणि १९६९ मध्ये स्वतः खेळता खेळताच कोच म्हणून विजेतेपदं मिळवली. दुसऱ्या टोकाला पोपोविच एनबीएत एकही सामना खेळलेला नाही. मायामीचा एरिक स्पोल्स्ट्रा संघाच्या व्हिडिओ खोलीत फिती कापत वर आला. आपल्याकडेही रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, आणि त्यांनी सचिन घडवला. चंद्रकांत पंडित ५ कसोटी खेळले. पण कोच म्हणून त्यांनी विदर्भाला लागोपाठ दोन रणजी करंडक दिले आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशला पहिला.

"अनुभव नसताना थेट मुख्य कोच?"

२००३ मध्ये निवृत्त झाल्यावर स्टीव्ह टीव्हीवर समालोचन करू लागला. मग २००७ ते २०१० फिनिक्स संघाचा जनरल मॅनेजर होता. जनरल मॅनेजर सामना चालवत नाही. खेळाडू आणणं, सोडणं, करार करणं हे त्याचं काम. तिथे त्याने २००८ मध्ये वय झालेल्या शकील ओनीलला आणायला शॉन मॅरियनसारखा पळणारा खेळाडू दिला. सुसाट पळणाऱ्या संघाच्या पायात धोंडा बांधला गेला. ही चूकच होती.

२०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला मुख्य कोच केलं, तेव्हा त्याने एकाही संघाला एक दिवसही कोचिंग केलं नव्हतं. बरं, आधीच्या कोचने त्याच संघाकडून ५१ सामने जिंकून दाखवले होते आणि तरी त्याला काढलं होतं. लोकांनी भुवया उंचावल्या, आणि ते बरोबरच होतं. इथे माझं मत थोडं कडू आहे: हे दार सगळ्यांना उघडत नाही. पाच अंगठ्या, जॅक्सन-पोपोविचांची ओळख, टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा, हे नसतं तर कोणी विचारलं नसतं. बेकी हॅमनकडे बघा. कॉलेजात चमकूनही १९९९ मध्ये तिला ड्राफ्टमध्ये कोणी मागितलं नाही, तरी ती महिलांच्या डब्ल्यूएनबीएत मोठी खेळाडू झाली. २०१४ पासून तिने पोपोविचच्या हाताखाली सहायक कोच म्हणून आठ हंगाम घालवले. एनबीएचं मुख्य कोचपद तिला मिळालं नाहीच. डब्ल्यूएनबीएत लास वेगासने घेतलं, आणि २०२२ व २०२३ मध्ये तिने तिथे विजेतेपदं आणली.

तरी 'अनुभव नाही' हे अर्धसत्य. मुख्य कोच एकटा नसतो. स्टीव्हने येतानाच ॲल्विन जेंट्री आणि रॉन ॲडम्स असे मुरलेले सहायक शेजारी बसवले. नव्या जिल्हाधिकाऱ्याने जुना शिरस्तेदार हाताशी धरावा, तसं.

"स्टीफन करी मिळाला, म्हणून जिंकला"

खरं आहे. थ्री-पॉइंटरचा बादशहा करी आधीपासूनच तिथे होता. स्टीव्हने १५ वर्षांत ७२६ थ्री-पॉइंटर आत घातले. करीने एकट्या २०१५-१६ च्या हंगामात ४०२. पुढे २०१९-२० मध्ये करी आणि क्ले थॉम्पसन जायबंदी झाले, तेव्हा याच कोचचा संघ १५ जिंकून ५० हरला. कोच जादूगार नसतो.

मग कोचने केलं काय? एक प्रसंग जवळून बघू. आंद्रे इग्वोडाला हा खेळाडू १० वर्षं, प्रत्येक सामन्यात, सुरुवातीच्या पाचात असायचा. स्टीव्हने आल्याआल्या त्याला सांगितलं, तू बाकावरून ये. सांगणारा माणूस ८८० वेळा बाकावरून आलेला नसता, तर हे किती पचलं असतं कोण जाणे. अंतिम फेरीपर्यंत इग्वोडाला त्या हंगामात एकदाही सुरुवातीला खेळला नाही. २०१५ च्या अंतिम फेरीत संघ १-२ असा मागे पडला. तेव्हा निक युरेन नावाच्या एका तरुण मदतनिसाला रात्री जुन्या फिती बघताना सुचलं: रिंगजवळ खेळणाऱ्या उंच 'सेंटर'ला बाकावर बसवा, इग्वोडालाला सुरुवातीला आणा. स्टीव्हने ऐकलं. सामन्याआधी पत्रकारांनी विचारलं तेव्हा खुशाल थाप मारली, नंतर ती कबूलही केली. पुढचे तिन्ही सामने जिंकले, विजेतेपद मिळालं, आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वोडाला. पत्रकारांसमोर स्टीव्हने कल्पना कोणाची ते नाव घेऊन सांगितलं.

त्या हंगामात ६७ विजय, पुढच्या हंगामात ७३. आधीच्या वर्षी हाच संघ लीगमध्ये सर्वांत कमी पास करणाऱ्यांपैकी होता. स्टीव्हने शिकागोची चाल आणि सॅन अँटोनियोचा भरभर पास, दोन्ही मिसळून बॉल हलता ठेवला. २०१५-१६ च्या सुरुवातीला पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यामुळे तो घरी होता, तेव्हा सहायक ल्यूक वॉल्टनने ३९ जिंकले नि ४ हरले. 'बघा, कोच लागतोच कुठे!' असं तेव्हा म्हटलं गेलं. मला उलट वाटतं: मुनीम सुट्टीवर गेला आणि दुकान चाललं, तर वह्या नीट लिहिल्या होत्या म्हणायचं.

आपल्याकडे हा रस्ता आहे का?

थोडक्यात, नाही. आपला चांगला बास्केटबॉलपटू रेल्वे, सेनादल, ओएनजीसी अशा खात्यांच्या संघात जातो; खेळ नोकरी मिळवून देतो, आणि ती मिळाली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. कोच व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा. दोन्ही सरळ रस्ते आहेत, पण कॉलेजच्या संघाला गर्दी आणि पैसा नाही, त्यामुळे गाळणीचा पहिलाच टप्पा गायब. न्यू जर्सीच्या पुतण्याला म्हणूनच मी सांगितलंय, शाळेच्या संघात बाकावर बसवलं तर रडत बसू नकोस, वही घेऊन बस.

आता शेवटचा, पॅरिसचा आक्षेप

२०२४ च्या ऑलिंपिकला अमेरिकेचा कोच स्टीव्ह होता. १२ खेळाडू, बाराही स्टार. ऑलिंपिकचा सामना ४० मिनिटांचा. पाच जणांची मिळून २०० मिनिटं. बारांत सारखी वाटली तर प्रत्येकी १७ सुद्धा येत नाहीत, आणि सारखी वाटून सामना जिंकता येत नाही. सर्बियाविरुद्ध, पहिल्या सामन्यात आणि पुन्हा उपांत्य सामन्यात, त्याने जेसन टेटमला एक सेकंदही खेळवलं नाही. टेटम महिना-दीड महिन्यापूर्वीच बॉस्टनकडून एनबीए जिंकून आलेला. बॉस्टनकरांनी स्टीव्हला धू धू धुतलं: ज्याने आयुष्य बाकावर काढलं त्याला तरी कळायला हवं होतं!

उपांत्य सामन्यात अमेरिका १७ गुणांनी मागे पडून जिंकली. अंतिम सामन्यात फ्रान्सला ९८-८७ असं हरवलं. शेवटच्या तीनेक मिनिटांत करीने चार थ्री-पॉइंटर मारले. आत्याने ते हायलाइट्स दोनदा बघितले आणि विचारलं, "तो बाकावरचा उंच पोरगा टाळ्या वाजवतोय, तो कोण?"